ए प्लसचा व्हिडिओ कोर्स निवडताना

चाळीस तासांचा कोर्स घ्यावा की पंधरा तासांचा, असं विचारलंय तुम्ही. तासांचं नंतर बघू, आधी दोन्हींवरचा परीक्षेचा कोड वाचा. कॉम्पटिया ए प्लस म्हणजे पीसी दुरुस्ती आणि सपोर्टचं काम करणाऱ्यांसाठीची कॉम्पटिया या संस्थेची प्रमाणपत्र परीक्षा; तिचे दोन पेपर असतात. सध्याची जोडी २२०-१२०१ आणि २२०-१२०२, मार्च २०२५ पासूनची. आधीची २२०-११०१ आणि २२०-११०२ ही जोडी इंग्रजी भाषेत सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. मी एकदा स्वस्तात मिळतोय म्हणून कोड न बघता कोर्स घेतला आणि दहा तास बघून झाल्यावर कळलं की तो मागच्या जोडीचा आहे. पैशांपेक्षा वेळ गेल्याचं जास्त लागलं.

कोड जुळला की फुकट दाखवलेला एखादा धडा बघा, शक्यतो रॅमचा. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ (रॅमच्या लागोपाठच्या दोन पिढ्या) दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. हाडाचा टेक्निशियन दोन्ही पट्ट्या शेजारी धरून खाच दाखवतो, मग योग्य पट्टी दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबतो आणि लॅचचा टक् आवाज ऐकवतो. नुसत्या स्लाइडा वाचून दाखवणारा असेल तर पुढे बघूच नका; वाचायचंच असेल तर पुस्तक काय वाईट!

दुसरी कसोटी बिघाडांची. पहिल्या पेपरात २८ टक्के भार हार्डवेअर आणि नेटवर्कच्या बिघाडांवर आहे. लेझर प्रिंटरमधून आलेल्या पानावरची अक्षरं बोटाने पुसली जात असतील, तर संशय फ्यूझरवर, म्हणजे टोनरची पूड तापवून कागदावर पक्की करणाऱ्या भागावर. असं लक्षणाकडून कारणाकडे जाणं कोर्समध्ये दिसलं पाहिजे. प्रिंटरच्या भागांची नावं घोकून ते येत नाही.

अभ्यासक्रमाची पीडीएफ कॉम्पटियाकडे फुकट मिळते. ती शेजारी ठेवून कोर्सची अनुक्रमणिका ताडून बघा, गाळलेलं लगेच सापडतं. आणि प्रत्येक पेपरात ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात, त्यात काही प्रत्यक्ष करून दाखवायचे. त्यांची तयारी व्हिडिओ बघून होत नाही. व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे आपल्याच पीसीत सॉफ्टवेअरने बनवलेल्या नकली पीसीवर, विंडोज टाका, बिघडवा, दुरुस्त करा.

तेव्हा पंधरा तासांचा कोर्स नव्या कोडचा असेल आणि त्यात प्रिंटर खरोखर उघडलेला दिसत असेल, तर तोच घ्या. वाचलेले पंचवीस तास जुना पीसी खोलण्यात घालवा.