मित्राच्या नाटकात पैसे घातले तर टॅक्समध्ये सूट मिळते का?

तुम्ही विचारलंय की आयटीत नोकरी आहे, मित्र व्यावसायिक नाटक काढतोय, त्यात ५ लाख घातले तर टॅक्स वाचेल का आणि इंग्लंडमध्ये सरकार नाटकवाल्यांना पैसे परत देतं हे खरं का. मी पुण्यात काही नाट्यनिर्मात्यांचे हिशोब बघतो, त्यामुळे सरळ सांगतो, तुमच्या पगारावरचा टॅक्स एक रुपयानेही कमी होणार नाही. इंग्लंडचं मात्र खरंय.

मित्राला उसने दिलेत आणि नाटक पडलं तर ते बुडाले, पगारातून वजा होत नाहीत. फर्ममध्ये पार्टनर झालात तर तोटा फर्मच्या नावावर राहतो, पुढच्या ८ वर्षांत नफा झाला तर त्यातून वळता होतो, तेही रिटर्न वेळेत भरलं असेल तरच. स्वतःच्या नावावर निर्मिती केलीत तरी धंद्यातला तोटा पगारातून वजा करू देत नाहीत. ८०जी चं, म्हणजे देणगीवर टॅक्स सूट देणाऱ्या कलमाचं, नाव लोक घेतात पण ती देणगी झाली, मान्यता असलेल्या ट्रस्टला आणि जुनी रिजीम घेतली असेल तरच, नफ्यात वाटा हवा असेल तर तो रस्ता बंदच.

आपल्याकडे सवलत आहे ती तिकिटावर. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, आधी ही मर्यादा २५० होती, जानेवारी २०१८ मध्ये ५०० केली. त्याच्या वर गेलात की १८ टक्के आणि तोही सगळ्या रकमेवर. म्हणजे तिकीट ५९० केलंत तर ९० रुपये टॅक्स जाऊन निर्मात्याच्या हातात ५०० च उरतात, मग ५२० किंवा ५५० करून फायदा काय, म्हणून पुढच्या रांगा कितीतरी नाटकांच्या ५०० वरच अडकून बसल्यात. प्रेक्षकाला बरं आहे, मला मान्य आहे, पण तिकीट माफीचं म्हणून लाइट-साउंडच्या भाड्यावर, जाहिरातीवर भरलेला जीएसटी निर्मात्याला परत मिळत नाही, तो खर्चातच जातो.

इंग्लंडने ही सवलत नाटक उभं करण्याच्या खर्चावर दिली. १ सप्टेंबर २०१४ पासून सुरू केली, तेव्हा दर २० टक्के होता आणि दौऱ्यावरच्या नाटकाला २५, कोविडनंतर वाढवला, आता एप्रिल २०२५ पासून ४० आणि ४५ असा कायमचा केलाय. तालमी, नेपथ्य, वेशभूषा असा निर्मितीचा खर्च धरतात, जाहिरात किंवा रोजचे प्रयोग चालवायचा खर्च नाही, आणि जास्तीत जास्त ८० टक्क्यांवरच मोजतात. म्हणजे १०० पौंड घातले आणि कंपनी तोट्यात असली तर साधारण ३२, दौरा असेल तर ३६ पौंडांपर्यंत रोख परत मिळू शकतात. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे दौऱ्याला जास्त दर, ६ किंवा जास्त ठिकाणी प्रयोग ठरवले की तो लागू होतो. अमेरिकेत वेगळीच अडचण होती, घातलेलं भांडवल वसूल व्हायच्या आधीच पैसे लावणाऱ्यांना टॅक्स भरावा लागायचा, ती डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या संसदेने सोडवली, सिनेमाला आधीपासून होती तीच सवलत नाटकाला देऊन.

आपल्याकडे राज्य सरकार नव्या नाटकांना प्रयोगाचं अनुदान देतं, ते चांगलंच आहे, पण ते प्रयोग झाल्यावर मिळतं. पैसे लागतात त्याच्या आधी. एकदा नागपूरच्या दौऱ्यावर एका निर्मात्याबरोबर गेलो होतो, प्रयोग संपल्यावर ते मेकअप रूममध्ये ट्रंकेवर बसून नाईटची, म्हणजे प्रत्येक प्रयोगाच्या मानधनाची, पाकिटं भरत होते, पहिली बॅकस्टेजच्या पोरांची, मग नटांची, मग बसवाल्याचे पैसे बाजूला काढले, थिएटरचं भाडं आधीच भरलेलं, आणि शेवटी स्वतःच्या नावाचं पाकीट घडी करून परत खिशात ठेवलं. रिकामंच. सेट बनवायला घरचं सोनं गहाण टाकलेलं होतं. या माणसाला निर्मितीच्या खर्चातले ३० टक्के जरी परत मिळाले असते तरी सोनं सुटलं असतं आणि विदर्भात अजून चार गावं झाली असती, हे मी हिशोबाची वही समोर ठेवून सांगतोय.

तर ५ लाख घालायचे असतील तर टॅक्सचा विचार बाजूला ठेवून घाला, बुडाले तर घर चालेल ना एवढं बघा. तालीम सुरू व्हायच्या आधी लिखापढी करा, आधी खर्च वसूल मग नफ्याची वाटणी की प्रत्येक प्रयोगाला वाटणी, ते स्पष्ट लिहा, कॉन्ट्रॅक्ट शोचे, म्हणजे आयोजकाने ठरावीक रकमेला घेतलेल्या प्रयोगाचे, पैसे कोणाच्या खात्यात येणार तेही. मित्राकडून पहिल्या २५ प्रयोगांचं बजेट मागून घ्या, आकडे इथे टाकलेत तर मी बघून सांगेन.