ब्रिटनच्या १९९७ च्या निवडणुकीत हुजूर पक्ष रेफरेंडम पार्टीमुळे हरला का?

नाही. मजूर पक्ष ४१८ जागा, हुजूर १६५ अशी दरी होती. ती रेफरेंडम पार्टीने, म्हणजे उद्योगपती सर जेम्स गोल्डस्मिथच्या पक्षाने, पाडलेली नव्हे. १९९४ मध्ये निघालेल्या या पक्षाची मागणी एकच: युरोपीय संघाबद्दल सार्वमत. ५४७ जागा लढवल्या, व्हिडिओ कॅसेट घरोघर वाटल्या, ८,११,८४९ मते (२.६ टक्के) मिळवली. खासदार शून्य. ५ टक्क्यांच्या आत राहिले की अनामत जप्त, आणि बहुतेकांची झालीच. लंडनमधल्या पटनी मतदारसंघाचा दाखला नेहमी दिला जातो, पण तो उलटाच आहे: हुजूर पक्षाचे डेव्हिड मेलर तिथे २,९७६ मतांनी पडले आणि गोल्डस्मिथना मिळाली १,५१८. म्हणजे ती सगळी मेलरना मिळाली असती तरी ते हरलेच असते.

मात्र हारिच मतदारसंघासारख्या थोड्या जागी शंकेला वाव आहे. तिथे मजूर पक्ष १,२१६ मतांनी जिंकला, रेफरेंडम पार्टीला ४,९२३ मते होती. पण ती सगळी हुजूर पक्षाचीच होती असे धरणे चूक. त्यांत इतर पक्षांवर नाराज असलेलेही होते. खरा परिणाम मतदानाआधीच झाला होता: १९९६ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी युरोपच्या एकल चलनावर (युरोवर) सार्वमताचे आश्वासन देऊन टाकले. जुलै १९९७ मध्ये गोल्डस्मिथ वारले आणि पक्षही निवडणुकीच्या राजकारणातून गेला.