जवळचा भूकंप की लांबचा: खाडीवरच्या लांब गाळ्याच्या (दोन खांबांमधलं अंतर मोठं असलेल्या) काँक्रीट पुलाला जास्त धोका कशाचा?

रिश्टरचा आकडा बाजूला ठेवा, आधी पुलाचा आवर्तनकाळ, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, बघा. लांब गाळ्याचा, उंच खांबांचा पूल सावकाश झुलतो, एका हेलकाव्याला साधारण 1 ते 3 सेकंद. कोयनेत 11 डिसेंबर 1967 ला बसले तसले उथळ, कडक खडकातले धक्के सेकंदाच्या लहान अंशात मागेपुढे होतात. ते बसक्या इमारतींना झोडपतात, उंच खांबाला तेवढे नाही.

पण कोकणात काठाकडचे खांब आखूड, मधले उंच. बाकी सगळं सारखं असेल तर 10 मीटरचा खांब 20 मीटरच्यापेक्षा आठपट ताठ, म्हणून बहुतेक जोर तोच ओढून घेतो आणि बुडाशी कातरून फुटतो. तिथे आडव्या रिंगा दाट हव्यात.

प्रस्तरभंग (खडकातली भेग, जिथे भूकंप होतो) अगदी जवळ असेल तर एकच मोठा, सावकाश धक्का बसतो. त्यात बेअरिंग (खांब आणि गर्डर यांच्यामधली बैठक) सरकतं नि गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी तुळई, टेकूवरून उतरू शकतो. टेकूची रुंदी आणि स्टॉपर (गर्डर सरकू न देणारे अडथळे) इथेच कामाला येतात.

लांबचा मोठा भूकंप फसवा. मेक्सिको सिटीत 1985 साली साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवरून आलेल्या लाटांपैकी 2 सेकंदांच्या आसपास आवर्तनकाळ असलेल्या, म्हणजे अशा पुलाच्याच तालातल्या, लाटा मऊ गाळाने फुगवल्या. खाडीतला चिखलही लाटा अशाच वाढवू शकतो, आणि सैल वाळू असेल तर ती पातळ होऊन पाइलचा (जमिनीत खोल रोवलेल्या पायाच्या खांबाचा) आधार जातो.

जाताजाता: एक्सपान्शन जॉइंटमध्ये (गर्डरांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीत) माती-खडी ठासली असेल तर गणितातली फट कागदावरच राहते, गर्डर एकमेकांवर आपटतात.