क्रीडा व्यवस्थापन पदविका : फी भरण्याआधी आणि वर्गात बसल्यावर

प्रश्न : बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळलो आहे. पतियाळाची पदविका करू की क्रीडा व्यवस्थापनाची? सरकारी नोकरी कशाने लागेल? – एक वाचक, बार्शी

उत्तर : पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे एनआयएसची, एक वर्षाची पदविका प्रशिक्षक घडवते. मुलांना चढाई आणि पकड शिकवण्यात मन रमत असेल तर तो रस्ता धरा. तिथे खेळातली तुमची कामगिरीही पाहतात. क्रीडा व्यवस्थापनात मैदान आरक्षित करणं, परवानग्या काढणं, अंदाजपत्रक मांडणं, प्रायोजक मिळवणं, करार वाचणं ही कामं येतात. बी.कॉम. झालेल्याला यातला निम्मा अभ्यास ओळखीचा वाटेल, आणि कबड्डी आतून माहीत असणं ही जमेची बाजू. आमचा कौल व्यवस्थापनाला.

सरकारी नोकरीचं मात्र स्पष्ट सांगतो : ती डोळ्यांपुढे ठेवून ही पदविका करू नका. क्रीडा अधिकाऱ्याच्या जाहिरातीत शारीरिक शिक्षणाची किंवा क्रीडा मार्गदर्शनाची पात्रता विचारतात. खेळाडूंसाठी असलेलं ५ टक्के आरक्षण खेळातल्या कामगिरीवर मिळतं, पदविकेवर नाही, आणि जिल्हा पातळीवरचा खेळ त्याला पुरत नाही. क्रीडा व्यवस्थापनातल्या जागा लीगमधले संघ, स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्या, अकादम्या, क्लब आणि क्रीडा साहित्याचे उद्योग यांच्याकडे असतात. २००८ साली आयपीएल आणि २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून हे क्षेत्र वाढलं. तरी बरंचसं काम हंगामी असतं, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मुलीने एका खासगी संस्थेत क्रीडा व्यवस्थापनाच्या पीजी डिप्लोमासाठी विचारणा केली. फी ३ लाख. ‘सरकारमान्य’ आहे म्हणतात. खात्री कशी करायची? – एक पालक, सांगली

उत्तर : ‘सरकारमान्य’ या शब्दावर एक रुपयाही भरू नका. प्रमाणपत्रावर सही आणि शिक्का कोणाचा असणार, एवढंच आधी विचारा. पदवी देण्याचा अधिकार १९५६च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विद्यापीठांना आणि कायद्याने तो अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. ‘डिप्लोमा’ या शब्दाला तसं कुंपण नाही, त्यामुळे कोणतीही संस्था स्वतःच्या नावाने डिप्लोमा छापू शकते. असा डिप्लोमा बेकायदा नसतो आणि काही ठिकाणी शिकवतातही उत्तम. पण पुढे एम.बी.ए.ला किंवा परदेशात तो मोजला जाईलच असं नाही.

विद्यापीठाचा किंवा संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम असेल तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याचं नाव आणि प्रवेशक्षमता सापडली पाहिजे. पीजीडीएम (व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका) म्हणत असतील तर एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता हवी, आणि ती चालू वर्षाची हवी. भिंतीवर चौकटीत लावलेलं जुनं पत्र चालणार नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, यादीत त्या सत्रासाठी तो अभ्यासक्रम आहे का ते पाहा. अशा प्रवेशाला आता विद्यार्थ्याचा डीईबी आयडीही काढावा लागतो. संस्था आयडीबद्दल काही बोलतच नसेल तर तिथेच थांबा.

तुलनेसाठी काही नावं डोळ्यांखालून घाला. कोलकात्याच्या भारतीय समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्थेत या विषयाची पदव्युत्तर पदविका आहे. मुंबईत माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये स्थापन केलेली संस्था फक्त याच विषयाला वाहिलेली आहे. रोहतकच्या आयआयएममधला अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. पुण्यात सिम्बायोसिसकडे क्रीडा व्यवस्थापनाचं एम.बी.ए. आहे.

पैशांचं बोलू. यूजीसीच्या कक्षेतल्या संस्थेत प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख हा फी परताव्याचा पाया असतो. तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी, त्यानंतर पण तारखेआधी रद्द केला तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. पुढे काही नाही. म्हणून ती तारीख लेखी मागा. स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला हे कोष्टक लागू पडत नाही, तिथे तिच्याच फॉर्मवरच्या बारीक अक्षरांतल्या अटी चालतात. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर बँकेत आधी जाऊन या. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, पण अभ्यासक्रमाची मान्यता बँक तपासतेच. बँकेने नकार दिला तर कारण विचारा. तुमची अर्धी चौकशी तिथे फुकटात होते.

शेवटचं : मागच्या तुकडीतले दोन-तीन विद्यार्थी गाठा आणि इंटर्नशिपमध्ये नेमकं काय काम केलं ते विचारा. ‘प्रेक्षकांना गेट दाखवत उभे होतो’ असं उत्तर आलं तर ३ लाख जास्त आहेत.

प्रश्न : अर्जासोबत ५०० शब्दांचं उद्देशपत्र (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारं पत्र) मागितलं आहे. काय लिहू? – एक वाचक, लातूर

उत्तर : ‘मला लहानपणापासून खेळाची आवड आहे’ हे वाक्य काढून टाका. प्रत्येक अर्जात ते असतं, आणि आवडीवरून तुम्हाला हिशेब जमतो की नाही हे कोणाला कळत नाही. हातून झालेलं एखादं काम आकड्यांसकट मांडा. समजा, गावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचा हिशेब तुमच्याकडे होता. मग असं लिहा : ‘१६ संघ, प्रवेश फी प्रत्येकी १,५००, जमा २४,०००. खर्च २७,४००. पावसाने एक दिवस वाढला, पंचांचं मानधन आणि मंडपाचं भाडं वाढलं, राखीव दिवसाची तरतूद नव्हती. ३,४०० रुपये कमी पडले.’ एवढ्या चार ओळींत परीक्षकाला तुमचं डोकं दिसतं. तूट लपवू नका. ती का आली हे सांगता येणं हीच या अभ्यासाची पहिली पायरी आहे. पदकांची यादी एका वाक्यात आटपा.

मुलाखतीला जाताना दोन गोष्टी वाचून जा. एक, २०२५चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा : क्रीडा महासंघांच्या कारभारावर त्याने काय बंधनं येतात, आणि आधीच्या २०११च्या क्रीडा संहितेपेक्षा कायदा वेगळा कसा. दुसरं, लीगचा पैसा कुठून येतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. तिकीटविक्री त्यापुढे किती लहान, हे लक्षात आलं की पुढचे प्रश्न सोपे जातात.

कागदपत्रांत आपल्याकडे एक अडचण हमखास येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. ऑनलाइन अर्जात नाव दहावीप्रमाणे भरा आणि आधार वेळेत जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. दुसऱ्या विद्यापीठात जात असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र निकाल लागल्यावर लगेच मागा. अनेकांचा प्रवेश त्याच एका कागदासाठी ‘तात्पुरता’ राहतो.

प्रश्न : पदविकेला प्रवेश मिळाला. प्रकल्पात ११ संघांची कबड्डी स्पर्धा आखायची आहे. भाग्यपत्रिकेत, म्हणजे सामन्यांच्या जोड्यांच्या तक्त्यात, ‘बाय’ (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) कुठे द्यायचे यात गोंधळ होतो. – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : बाद पद्धतीत सामने नेहमी संघांपेक्षा एकाने कमी, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ घरी जातो. ११ संघ, १० सामने. २, ४, ८, १६ अशा दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांपैकी ११च्या पुढची १६, म्हणून १६ वजा ११, म्हणजे ५ बाय. हे सगळे पहिल्याच फेरीत संपवायचे, म्हणजे दुसऱ्या फेरीत बरोबर ८ संघ उरतात. पुष्कळ जण संघ सरळ जोड्यांनी लावत जातात आणि पुढच्या फेरीत एक संघ उरला की त्याला बाय देतात. मग एखादा संघ न खेळता उपांत्य फेरीत पोचतो आणि बाकीचे भांडायला येतात.

आता वाटणी. वरच्या अर्ध्यात ६ संघ, खालच्या अर्ध्यात ५. पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्या संघाला, तिसरा खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, चौथा वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्याला, पाचवा खालच्या अर्ध्यात शेवटून दुसऱ्याला. वर २, खाली ३. पडताळा घ्या : वर चार संघ खेळतात, दोन सामने, खाली दोन संघ खेळतात, एक सामना. दोन्हीकडे चार-चार उरले. पहिल्या फेरीचे ३, पुढे ४, २ आणि १, एकूण १०. गेल्या वर्षीचा विजेता आणि उपविजेता वेगवेगळ्या अर्ध्यात ठेवायला विसरू नका, नाहीतर अंतिम सामन्याची रंगत उपांत्य फेरीतच संपते.

भाग्यपत्रिका बरोबर आली की वेळेचा हिशेब करा. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांचा, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. टाइमआउट, नाणेफेक, मॅट पुसणं, पुढच्या संघाचं वजन आणि ओळखपत्र तपासणी धरून एका मैदानावर ताशी एकच सामना धरा. दुपारी चारला सुरुवात केली तर दिवसाला सहा सामने, कारण रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणजे बाद पद्धत दोन दिवसांत उरकते. पूर्ण साखळी घेतली तर ५५ सामने, म्हणजे एका मैदानावर दहा दिवस! ६ आणि ५ संघांचे दोन गट केले तर १५ अधिक १० असे २५, उपांत्य आणि अंतिमचे ३ धरून २८ सामने. एका मैदानावर पाच दिवस, दोन मैदानांवर तीन. प्रत्येक संघाला किमान चार सामने मिळतात. लांबून येणाऱ्या संघाला एका पराभवावर परत पाठवण्यापेक्षा आम्हाला हाच आराखडा पटतो. फक्त वाढलेल्या मुक्कामाचं आणि जेवणाचं पान अंदाजपत्रकात हवं. परीक्षक तेच आधी उघडतात.

प्रश्न : याच स्पर्धेसाठी कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतले, पैसे मागता येतील का? – तीच विद्यार्थिनी

उत्तर : मैदानावर कंपनीचा फलक आणि जर्सीवर नाव द्यायचं असेल तर नाही. जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व २०२१ पासून सीएसआर नियमांत बसत नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांच्या यादीत, ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं ‘प्रशिक्षण’ आहे. तेव्हा प्रस्ताव प्रशिक्षण शिबिराचा करा आणि स्पर्धेच्या प्रायोजकत्वाचा वेगळा ठेवा. सीएसआर घेणाऱ्या मंडळाकडे १२अ आणि ८०जी या प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या, कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. धर्मादाय आयुक्तांकडची नुसती नोंदणी पुरत नाही, आणि बहुतेक तालुका मंडळं इथेच अडकतात. प्रायोजकत्वाच्या करारात जीएसटी १८ टक्के वेगळा दाखवा. ‘सर्व धरून १ लाख’ असं लिहिलंत तर मंडळाच्या हातात सुमारे ८४,७५० रुपयेच उरतात.

प्रश्न : कॅनडात दोन वर्षांची क्रीडा व्यवस्थापन पदविका करून तिथेच काम मिळेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : १ नोव्हेंबर २०२४ किंवा त्यानंतर स्टडी परमिटसाठी अर्ज केलेल्या कॉलेज पदविकाधारकांना, शिक्षणानंतरचा वर्क परमिट ठरावीक क्षेत्रांच्या अभ्यासक्रमांनाच मिळतो : आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, शिक्षण अशी ती क्षेत्रं आहेत. तुमची पदविका त्यांत बसते का हे पाहण्यासाठी कॉलेजकडून अभ्यासक्रमाचा सहा अंकी सीआयपी (अभ्यासक्रम वर्गीकरणाचा) क्रमांक घ्या आणि कॅनडा सरकारच्या यादीत स्वतः शोधा. यादी बदलत असते, म्हणून अर्जाच्या दिवशी पुन्हा पाहा. एजंटने ‘होऊन जाईल’ म्हटलं तरी क्रमांक यादीत नसेल तर अनामत रक्कम पाठवू नका.