नामदेव आपले की त्यांचे?

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून एका आईचं पत्र आलं आहे. सासर लातूरचं. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. डिसेंबर अखेरीस सोळा दिवसांसाठी येणार आहेत. लिहितात, ‘ताई, मुलांना आपला धर्म, आपला इतिहास दाखवायचाय. खाली यादी दिली आहे, क्रम लावून द्या.’ यादीत अकरा ठिकाणं आहेत. शिर्डी, त्र्यंबक, घृष्णेश्वर, अजिंठा, औंढा, परळी, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर आणि शनी शिंगणापूर.

पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे. लेक तिच्या शीख मैत्रिणीबरोबर गुरुद्वाऱ्यात गेली होती. तिथे कीर्तनात ‘भगत नामदेव’ हे नाव आलं. घरी येऊन तिने विचारलं, ‘नामदेव आपले की त्यांचे?’ आईला नीट सांगता आलं नाही.

बाई, तुमची सहल त्या ताज्या कलमात आहे. वरची यादी बाजूला ठेवा.

असं का म्हणते ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचं कुटुंब परदेशातून आलं होतं. सहा दिवसांत नऊ देवस्थानं झाली. बेत मीच आखला होता, म्हणून अजून जिवाला लागतं. लेकरं रांगेत उभी राहायची, गाभाऱ्यात दोन क्षण ढकलली जायची आणि परत गाडीत येऊन झोपायची. जाताना मी पुतण्याला विचारलं, काय आवडलं? त्याला एकाही देवळाचं नाव सांगता आलं नाही. चूक त्याची नव्हती. नऊ ठिकाणांना जोडणारी गोष्टच आम्ही त्याला दिली नव्हती.

तुमच्या लेकीकडे गोष्टीचं एक टोक आधीच आहे. ते धरून चला.

नामदेवांचा जन्म 1270 चा. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे त्यांचं गाव, आणि आज गावाचं नावच नरसी नामदेव आहे. जन्मगावाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तेही लेकीला सांगा. बारा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं, आणि खरं सांगितलं की तिचा विश्वास बसतो. घराणं शिंप्याचं. पुढचं आयुष्य पंढरपुरात गेलं, नंतर ते उत्तरेत पंजाबपर्यंत पोहोचले. पंजाबातल्या घुमानला त्यांची स्मृती अजून जपली जाते. 2015 मध्ये आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानलाच भरलं होतं. 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी शिखांच्या आदिग्रंथाचं संकलन केलं. त्यात नामदेवांची 61 पदं आहेत. लेकीने ऐकलं ते यातलंच एखादं असणार.

आता नांदेड. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये आपल्या गोदावरीकाठी देह ठेवला. त्याआधी त्यांनी सांगितलं की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. म्हणजे नरसीच्या शिंप्याची पदं ज्या ग्रंथात आहेत, त्या ग्रंथाला गुरूपद मिळालं ते नरसीपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. मी परभणीत राहते, दोन्हीकडे कितीदा गेले, तरी हे मनात आलं की अंगावर काटा येतो. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर या शंभर किलोमीटरच्या रस्त्यावर आहे.

लातूरला मुक्काम ठेवा आणि सुरुवात तेरपासून करा. तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताईने गोरोबांना म्हटलं, काका, यातली मडकी पक्की किती, कच्ची किती, तेवढं बघा. गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र कुरकुरले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, त्यालाच सगळ्यांसमोर कच्चं म्हटलं गेलं! आठ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कुंभाराच्या चाकाजवळ बसवून सांगा. तेरला संग्रहालय आहे, सातवाहन काळातल्या वस्तू आहेत, त्यालाही एक तास द्या. या गावाचं जुनं नाव तगर, आणि इथला माल रोमपर्यंत जात होता.

कच्चं ठरल्यावर नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला गेले. तिथे विसोबा खेचर शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, म्हातारा झालोय रे, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव माझे पाय. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड उभी राहिली. ही गोष्ट लेकीला आधी ब्रॅम्प्टनमध्येच सांगा, आणि तिला ती मैत्रिणीला सांगू द्या. गुरू नानक मक्केला गेले होते तेव्हाची अशीच कथा शिखांकडे आहे. मैत्रीण ती सांगेल. हे लेकीचं तिलाच सापडलं पाहिजे.

औंढ्याचं देऊळ यादवकाळातलं, हेमाडपंती, बाहेरून कोरीव कामाने भरलेलं. मुलांना देवळाच्या मागच्या बाजूला घेऊन जा आणि नंदी कुठे आहे ते शोधायला लावा. नामदेवांना पुजाऱ्यांनी समोरून हाकललं, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच फिरलं, नंदी मात्र मागेच राहिला, अशी कथा आहे. देऊळ फिरल्याचा उल्लेख ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदांतही येतो. आपल्याच एका संताला जातीमुळे दारातून परत फिरवलं होतं, हे मुलांपासून लपवू नका. आपल्या धर्माच्या इतिहासातला हाही भाग आहे.

एक सूचना. औंढ्याचा गाभारा खाली, तळघरासारखा आहे. पायऱ्या अरुंद, वाट बुटकी. सासूबाईंना खाली उतरायचा आग्रह करू नका. वरून हात जोडले तरी चालतं, हे तुम्ही आधी बोललात तर त्यांच्या मनाला लागणार नाही. महाशिवरात्रीची गर्दी तुम्हाला लागायची नाही, पण सोमवार टाळा.

औंढ्याहून हिंगोली, तिथून नरसी. नरसीत दिवसभर बघण्यासारखं फार नाही. तासभर बसा. पारावर कुणी म्हातारं माणूस भेटलं तर मुलांना बोलू द्या. मोडकं मराठी चालेल.

नांदेडला मात्र एक रात्र मुक्काम हवाच. सचखंड हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी एक. आजची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंगांनी 1830 च्या दशकात बांधवून घेतली. डोकं झाकायला प्रत्येकाजवळ रुमाल ठेवा, मुलालाही. पाय धुऊन आत जायचं. प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. लंगरला सगळ्यांनी पंगतीत खाली बसायचं आणि ताटात काही टाकायचं नाही. सासूबाईंना खाली बसता येत नसेल तर सेवेकऱ्यांना सांगा. संध्याकाळची आरती चुकवू नका. आणि लेकीला तिथल्या शीख मुलांशी मराठीत बोलायला सांगा. नांदेडला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली शीख घरं मराठी बोलतात. ‘आपले की त्यांचे’ या प्रश्नाचं काय करायचं, ते ती तिथे स्वतःच ठरवील.

नांदेडहून लातूरला परतताना वाकडी वाट करून गंगाखेडला थांबा. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून हे गंगाखेड. जनाबाई इथल्या. लहानपणीच नामदेवांच्या घरी कामाला आल्या आणि जन्मभर त्यांची दासी म्हणवत दळणकांडण करता करता अभंग रचत राहिल्या. घरात जुनं जातं असेल तर आदल्या दिवशी सासूबाईंना लेकीकडून मूठभर ज्वारी दळून घ्यायला सांगा. हात भरून आले की जनाबाई कळतात. इथून परळी जवळ आहे. वैजनाथाचं दर्शन त्याच दिवशी होईल, तुमच्या यादीतलं आणखी एक ज्योतिर्लिंग.

तुळजापूरबद्दल मी वाद घालणार नाही. कुलदैवत आहे, जायचंच. आल्यावर तीन दिवस झोपेचं गणित बसू द्या, मग सगळ्यांत आधी आईचं दर्शन, म्हणजे सासऱ्यांचा जीव भांड्यात पडेल आणि पुढच्या बेताला त्यांची ना राहणार नाही. तुमच्या घराण्याचे पुजारी ठरलेले असतील, त्यांना सासऱ्यांनीच आधी फोन करावा. शनिवार-रविवार, मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा.

एक नाजूक गोष्ट, पत्रात नाही, पण घरात निघणारच. लेक बारा वर्षांची आहे. देवळाच्या दिवशी पाळी आली तर काय करायचं, हे तुम्ही, यजमान आणि सासूबाई यांनी विमानात बसण्याआधी बोलून घ्या. माझं मत विचाराल तर तिला गाडीत एकटं बसवू नका. पण मत काहीही ठरो, तिला ते परक्या जागी, चारचौघांत कळू नये. गुरुद्वाऱ्यात असं बंधन नाही, हे तिला मैत्रिणीकडून कळलं असेल. ती तुलना करणार, तुमचं उत्तर तयार ठेवा.

शेवटचे तीन दिवस वेरूळला द्या. लातूरहून छत्रपती संभाजीनगर सहा तास धरा. 34 लेणी, बौद्ध, हिंदू आणि जैन, एकाच डोंगरात. सोळावं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, आधी कळस, मग पाया. मुलांना वरच्या कड्यावरून ते आधी दाखवा. घृष्णेश्वर किलोमीटरभरावर आहे, आणि तिथे गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढावा लागतो, मुलाला आधी सांगून ठेवा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठा एका दिवसात जाऊन येता येतो, पण सगळे दमले असाल तर सोडा. उरलेल्या यादीतलं पंढरपूर मनाला लागेल, मलाही लागलं. ते पुढच्या खेपेला स्वतंत्र करा.

कागदांचं थोडक्यात. मुलांचे पासपोर्ट नवे निघाले असतील तर ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाच्या, सरकारी संकेतस्थळावर ते नोंदवून घ्या. लेण्यांच्या तिकीट खिडकीवर ओसीआय कार्ड जवळ ठेवा. कार्डधारकांना भारतीयांचाच दर लागतो.

आता तारखा. तिकिटं अजून काढली नसतील तर थांबा आणि आधी दिनदर्शिकेत मार्गशीर्ष अमावास्या बघा. कधी ती डिसेंबरच्या उत्तरार्धात येते, कधी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे येळवस असते. सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या कोपीत दगडाचे पांडव मांडून पुजतात. भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे खातात. ज्वारी हुरड्यावर आलेली असते. तिथे पुजारी नाही, रांग नाही. पूजा घरातलं वडील माणूस करतं, म्हणजे तुमच्याकडे सासरे. त्यांना आज फोन लावा. यंदा शेतात कोप घालणार का आणि नातवंडांसाठी थांबणार का, तेवढं विचारा.