सी मध्ये रेस_क्वेरीने आलेलं पीटीआर उत्तर कसं वाचायचं?

तुमचा प्रश्न असा: लॉगमधल्या आयपी पत्त्यांवरून नावं काढायची आहेत (पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएस नोंद म्हणजे पीटीआर), टीटीएलही, म्हणजे नोंद किती सेकंद साठवून ठेवता येते तो आकडाही हवा आहे, पत्त्यावरून नाव देणारं नेहमीचं फंक्शन गेटनेमइन्फो तो देत नाही. म्हणून डीएनएसचं कच्चं उत्तर देणारं रेस_क्वेरी वापरलं, पण हाती आलेला डेटा प्रिंटएफने छापला की कचरा दिसतो.

आधी हे ठरवा की टीटीएल किंवा एका पत्त्याची सगळी नावं खरंच लागणार आहेत का. नुसतं नाव हवं असेल तर गेटनेमइन्फोच वापरा. ते होस्ट्स फाइलही बघतं. रेस_क्वेरी थेट डीएनएसला विचारतं, त्यामुळे होस्ट्स फाइलमध्ये लिहिलेली अंतर्गत मशिन्सची नावं त्यातून मिळणार नाहीत. फक्त गेटनेमइन्फोला एनआय_नेमरेक्यूडी हा फ्लॅग द्यायला विसरू नका. तो नसेल तर नाव न सापडल्यास फंक्शन आकडी पत्ताच मजकूर म्हणून भरतं आणि शून्य, म्हणजे यश, परत करतं. याच कामाचं जुनं फंक्शन गेटहोस्टबायॲडर मात्र नव्या कोडमध्ये नकोच. त्याचा निकाल स्टॅटिक जागेत असतो, त्यामुळे दोन थ्रेड एकमेकांचा निकाल पुसतात.

आता रेस_क्वेरी. विचारायचं नाव आपणच बनवायचं. १९२.०.२.२५ साठी ते २५.२.०.१९२.इन-ॲडर.आर्पा होतं. पत्ता नेटवर्क बाइट ऑर्डरमध्येच असतो, म्हणून बाइट्सचा क्रम बदलणाऱ्या एनटोएचएलच्या भानगडीत न पडता अनसाइन्ड कॅरचा पॉइंटर घ्या आणि बाइट ३, २, १, ० या क्रमाने लिहा. आयपीव्ही६ साठी बाइट १५ पासून ० कडे जायचं, प्रत्येक बाइटचा खालचा निबल (अर्धा बाइट, एक हेक्स अंक) आधी, मग वरचा, प्रत्येकानंतर टिंब, शेवटी आयपी६.आर्पा. एकूण ३२ निबल, आणि शेवटच्या शून्यासकट ७३ बाइट्स लागतात. एकाच सॉकेटवर दोन्ही प्रकारची कनेक्शन्स घेत असाल तर आयपीव्ही४ पत्ते आयपीव्ही६ च्या वेष्टनात येतात. आयएन६_इज_ॲडर_व्ही४मॅप्ड ने तपासून शेवटच्या चार बाइट्सवरून इन-ॲडरचंच नाव बनवा, नाहीतर अशा एकाही पत्त्याचं नाव सापडणार नाही. आणि रेस_क्वेरीऐवजी रेस_सर्च वापरू नका, ते शोध-डोमेन जोडून भलतंच विचारू शकतं.

उत्तरासाठी ४०९६ बाइट्सचा बफर सहसा पुरतो. यूडीपीची जुनी मर्यादा ५१२ ची. उत्तर कापलं गेलं तर लायब्ररी स्वतःच टीसीपीवर पुन्हा विचारते, पण तुमचा बफर लहान असेल तर तिचाही इलाज नाही. परत आलेली लांबी बफरपेक्षा मोठी असू शकते असं धरून चाला, तसं असेल तर तो मेसेज वाचू नका. उणे १ आलं तर चुकीचा कोड ठेवणारं एच_एरनो बघा: होस्ट_नॉट_फाउंड आणि नो_डेटा ही पक्की उत्तरं, ती कॅशमध्ये ठेवता येतात. ट्राय_अगेन म्हणजे सर्व्हरच गडबडला किंवा बोललाच नाही, ते ‘नाव नाही’ म्हणून साठवू नका.

कचरा का दिसतो, ते आता. डीएनएसमध्ये नाव स्ट्रिंग म्हणून नसतंच. प्रत्येक भागाआधी त्याच्या लांबीचा एक बाइट असतो, शेवटी शून्य. शिवाय आधी आलेलं नाव पुन्हा लिहायचं नसेल तर दोन बाइट्सचा पॉइंटर येतो. तुमचा मेसेज दशमान आकड्यांत छापून बघा: हेडर आणि प्रश्न संपून उत्तराची नोंद सुरू होते तिथे बहुतेक वेळा १९२ आणि १२ दिसेल. १९२ म्हणजे वरचे दोन बिट १, आणि १२ म्हणजे मेसेजच्या सुरुवातीपासूनचं अंतर. हेडर १२ बाइट्सचं असतं, त्यामुळे हा पॉइंटर थेट प्रश्नातल्या नावाकडे नेतो. म्हणूनच आरडेटाचा, म्हणजे नोंदीतल्या प्रत्यक्ष माहितीचा, तुकडा वेगळा कॉपी करून वाचता येत नाही, अख्खा मेसेज हाताशी लागतो.

हे हाताने उलगडू नका. स्वतःकडेच फिरणारा पॉइंटर पाठवून तुमचा लूप अडकवणं कोणालाही जमतं. एनएस_इनिटपार्सला मेसेज आणि रेस_क्वेरीने दिलेली लांबी द्या, बफरचा आकार नाही. मग एनएस_एमएसजी_काउंटने एनएस_एस_एएन, म्हणजे उत्तराच्या, विभागातल्या नोंदी मोजा आणि एकेक एनएस_पार्सआरआरने काढा. एनएस_आरआर_टाइप बघून एनएस_टी_पीटीआर नसेल तर पुढे जा. पहिलीच नोंद पीटीआर असेल असं मानू नका. /२४ पेक्षा, म्हणजे २५६ पत्त्यांपेक्षा, लहान ब्लॉक आरएफसी २३१७ च्या पद्धतीने वाटलेले असतात, तिथे आधी सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) येतो, पीटीआर त्याच्यामागे. टीटीएल एनएस_आरआर_टीटीएलने मिळतो, आणि नाव एनएस_नेम_अनकॉम्प्रेसने. त्याला मेसेजची सुरुवात, शेवट, आरडेटा आणि एनएस_मॅक्सडीनेम, म्हणजे १०२५ बाइट्सचा, बफर द्या. २५५ पुरत नाहीत, कारण न छापता येणारा एक बाइट उलटी तिरकी रेघ आणि तीन आकडे असा चार अक्षरांचा होतो.

आलेल्या नावावर विश्वास मात्र ठेवू नका. पीटीआर त्या पत्त्याचा मालक वाटेल तो लिहू शकतो, अगदी १०.१.१.१ असा आयपीसारखा दिसणारा मजकूरसुद्धा. आधी नाव होस्टनेमच्या नियमांत बसतं का ते बघणारं रेस_एचएनओके लावा. मग गेटॲडरइन्फोला एआय_न्यूमेरिकहोस्ट (फक्त आकडी पत्ताच स्वीकारणारा फ्लॅग) देऊन बघा, तो यशस्वी झाला तर नाव फेकून द्या. परवानगी नावावरून देणार असाल तर त्या नावाचे पत्ते पुन्हा विचारून मूळ पत्ता त्यात आहे याची खात्री करा.

लिंक करताना लिबरिझॉल्व्ह जोडा. थ्रेड्स असतील तर प्रत्येकाचा वेगळा रेस_एनइनिट आणि रेस_एनक्वेरी, शेवटी रेस_एनक्लोज, नाहीतर सॉकेट उघडे राहू शकतात. ग्लिबसीत (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) उत्तराची वाट बघण्याची मूळ वेळ ५ सेकंद आणि प्रयत्न २ असतात, म्हणजे एकच मुका सर्व्हरही १० सेकंद अडवतो. रेस_एनइनिटनंतर त्या स्ट्रक्चरमधलं रीट्रान्स (वेळ) २ आणि रीट्राय (प्रयत्न) १ करा, आणि हे काम लॉग लिहिणाऱ्या थ्रेडमध्ये कधीही ठेवू नका. पत्ते हजारोंनी असतील तर सी-एरेस ही लायब्ररी बघा, त्यात थांबावं लागत नाही.