लेकीला आकाशातल्या धुळीचे नकाशे काढायचेत

पत्र थोडक्यात असं: ‘शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. बँकेच्या परीक्षा दे म्हटलं तर म्हणते, मला आकाशगंगेतल्या धुळीच्या ढगांचे नकाशे काढायचेत, सबमिलिमीटर म्हणजे मिलिमीटरहून आखूड लहरींमध्ये. “धूळ बघायला एवढं शिकायचं? आपल्या शेडमध्ये ढिगानं आहे,” असं मी रागात बोलून गेलो. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. यात पोट भरतं का? पाहुणे लग्नाचंही विचारतात. काय करू?’

नमस्कार.

आधी तुमच्या भट्टीपाशीच जाऊ. लेडलमधून साच्यात ओतताना रस पिवळाधमक असतो. कास्टिंग निवत जातं तसं ते केशरी होतं, मग लाल, मग काळपट. पाचशे अंशांच्या खाली आलं की डोळ्याला काही दिसत नाही, पण नवा पोरगा हात लावायला गेला तर तुम्ही लांबूनच ओरडता. उजेड संपला तरी त्यातून लहरी निघतच असतात, फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या. वस्तू जितकी थंड, तितकी तिची लहर लांब.

तारे जन्मतात ते ढग उणे २६० अंशांच्या आसपास असतात. साध्या दुर्बिणीतून तिथं नुसता काळा डाग दिसतो. त्या ढगात वजनानं शंभरात एक भाग धूळ आणि बाकी वायू, त्यातही मुख्यतः हायड्रोजन. एवढ्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळपास मुकाच असतो, म्हणून आतली खबर धुळीकडून घ्यावी लागते. ८७० मायक्रॉनच्या लहरीत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे तुम्हाला सांगायला नको) हा ढग जवळजवळ पारदर्शक होतो. अगदी पोटातल्या कणाचाही प्रकाश बाहेर येतो, त्यामुळे चकाकीवरून ढगाचं वजन काढता येतं. अट एकच, तापमान बरोबर हवं. तापमान चुकलं की वजनही चुकलं. भट्टीचं तापमान मोजणारा पायरोमीटर बिघडला की पुढची सगळी हीट, म्हणजे एका वेळचा सगळा रस, कशी वाया जाते, हे ती शाळेपासून तुमच्या शेडमध्ये बघत आली आहे. तुमची लेक लांबच्या कुठल्या विषयात शिरत नाही, हे मला तुम्हाला मनापासून सांगायचं आहे.

चिलीतल्या अटाकामा वाळवंटात ५१०० मीटर उंचीवर अ‍ॅपेक्स नावाची १२ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्यावरच्या लाबोका कॅमेऱ्यात २९५ बोलोमीटर होते. बोलोमीटर म्हणजे एक अतिशय नाजूक तापमापकच. त्यातून शास्त्रज्ञांनी आकाशगंगेच्या पट्ट्याचा १४० अंश लांब आणि ३ अंश रुंद नकाशा काढला, त्याचं नाव अ‍ॅटलसगॅल. २०१६ साली तो पूर्ण झाला आणि त्यात ढगांच्या सुमारे दहा हजार दाट गाठी सापडल्या. एवढ्या उंचीवर जायचं कारण म्हणजे हवेतली वाफ. या लहरी ती गिळून टाकते. आषाढात कोल्हापूरवर जे आभाळ असतं, त्याच्या खालून यातलं काहीही दिसणार नाही.

खरी मेहनत मात्र पुढं आहे. अटाकामाचं कोरडं आकाशसुद्धा स्वतः तापलेलं असतं आणि त्याची चकाकी ढगापेक्षा कितीतरी पट जास्त असते. मग २९५ बोलोमीटरना एकाच वेळी जे सारखं दिसलं ते आकाशाचं मानून वजा करतात. पण त्या वजाबाकीत ढगाचा पसरट, फिकट भागही निघून जातो. तो प्लांक उपग्रहाच्या मोजणीवरून पुन्हा भरावा लागला. महिनोन् महिने संगणकासमोर बसून हे निवडणं, पाखडणं चालतं. माझ्याकडे आलेला एक हुशार मुलगा रंगीत चित्रं बघून या क्षेत्रात गेला आणि तिसऱ्या वर्षी सोडून आला. त्याला आकाश आवडत होतं, पाखडणं आवडत नव्हतं. मी त्याला हे आधी विचारलं नाही याची मला आजही खंत आहे, म्हणून तुम्हाला आधीच सांगतो.

आता पोटाचं. एमएस्सीची दोन वर्षं आणि त्यानंतर पीएचडीची साधारण पाच. पीएचडीत फी भरत बसायचं नसतं, उलट फेलोशिप मिळते. २०२३ पासून ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये आहे. त्यापुढं काही वर्षं परदेशात किंवा इथं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन. कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्यासाठी तिशी ओलांडावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गोंगाटातून खरा आकडा बाहेर काढायची सवय लागलेल्या माणसाला डेटा सायन्समध्ये किंवा उपकरणांच्या कंपन्यांत काम मिळतं. हात रिकामे राहत नाहीत.

एमएस्सी शिवाजी विद्यापीठातून केली तरी दार बंद होत नाही. आयआयटीत करायची असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी. पुढं पीएचडीसाठी जेस्ट नावाची सामायिक परीक्षा आहे. पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था, बंगळुरूची खगोलभौतिकी संस्था तिचे गुण धरतात. आयुका ज्यांनी उभी केली ते डॉ. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, हे पाहुण्यांना जरूर सांगा. आणि हे काम आपल्या देशाला नवीन नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं एक मीटर व्यासाची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून सोडली आणि दूर-अवरक्त लहरींत अशाच ढगांचे नकाशे काढले.

निर्णय आत्ताच घेऊ नका. तिला एक उन्हाळा द्या. अ‍ॅटलसगॅलचे आणि अवकाशात सोडलेल्या हर्शेल दुर्बिणीचे नकाशे कुणालाही फुकट मिळतात. पायथन ही संगणकाची भाषा शिकून तिनं एकच ढग निवडावा, हर्शेलच्या वेगवेगळ्या लहरींवरून त्याचं तापमान काढावं आणि मग ८७० मायक्रॉनवरून वजन. हे करताना रात्रीचे दोन वाजले तरी उठावंसं वाटलं नाही, तर तिला अडवू नका. आठ दिवसांत कंटाळा आला तर तेही बरंच, तिचं तिलाच कळेल. जोडीला पुण्याची रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा आणि आयुकाचा सुट्टीतला कार्यक्रम यांना अर्ज करायला सांगा.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत तिथं. त्यांच्या लहरी खूप लांब, त्यांना ही थंड धूळ दिसत नाही. तरीही एक दिवस फाउंड्री बंद ठेवून तुम्ही दोघं जा. एवढं लोखंड कसं वळवलं, कसं तोललं, ते तुम्ही तिला समजावून सांगाल आणि कशासाठी, ते ती तुम्हाला सांगेल. बोलणं तिथं सुरू होईल.

लग्नाचं पाहुण्यांना एवढंच सांगा, पोरगी शिकतेय.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. तिच्या ढगाचं तापमान किती आलं आणि त्यात चूक किती धरली, हे दोन आकडे मला हवेत.